डोंगराच्या मापाचं इंजिन

दार्जिलिंगच्या छोट्या गाडीचं वाफेचं इंजिन समोरून पाहिलं की आधी माणसं दिसतात. धुराडं, दिवा, बफर हे सगळं नंतर. पुढच्या आडव्या तुळईवर, उजव्या-डाव्या कोपऱ्याला, दोन खलाशी बसलेले असतात आणि त्यांच्या हाताशी वाळू असते. चाक घसरायला लागलं की ते वाकतात आणि थोडी थोडी वाळू रुळावर सोडतात. पेरणीच्या वेळी चाड्यावर मूठ धरणाऱ्या माणसाचा हात जसा चालतो, तसाच हा हात चालतो. मूठ सैल सुटत नाही, आवळलीही जात नाही, आणि नजर पुढच्या हातभर जागेवर खिळलेली असते.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाऊस नव्हता, नुसतं धुकं होतं. रूळ ओलसर चमकत होते. इंजिनाची चाकं एकदम जागच्या जागी गरगरली, धुराड्यातून धाप लागल्यासारखे आवाज आले, आणि ते दोन हात खाली गेले. क्षणात चाकांनी रूळ धरला. एवढ्याशा वाळूने चौदा-पंधरा टनांचं यंत्र सावरलं, हे पाहिल्यावर ते इंजिन माझ्या मनात जे रुतलं ते आजतागायत निघालेलं नाही. पुढे त्याची सगळी भावंडं शोधत गेलो, आणि त्यांतल्या एकाच्या गोष्टीपाशी येऊन थांबलो. त्याचा नंबर १९.

हे इंजिन १८८९ सालचं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात शार्प स्ट्युअर्ट कंपनीच्या कारखान्यात ते घडलं. कंपनी मूळची मँचेस्टरची, १८८८ साली तिने आपला पसारा ग्लासगोला हलवला. म्हणजे नव्या जागी संसार मांडल्यावर लगेच घडलेल्या इंजिनांपैकी हे एक. दार्जिलिंग हिमालयन रेल्वे त्याआधी आठ वर्षं, १८८१ पासून पूर्ण मार्गावर धावत होती. त्या काळात शार्प स्ट्युअर्टनेच पुरवलेली ‘ए’ वर्गाची इंजिनं तिथे होती. ती चांगली होती, पण डोंगराला पुरी पडत नव्हती. मग त्याच घराण्यातून ‘बी’ वर्ग निघाला. १८८९ पासून १९२०च्या दशकापर्यंत या वर्गाची एकूण ३४ इंजिनं झाली. बहुतेक ग्लासगोत, तीन अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीत, आणि तीन तर डोंगरातच, तिंधारियाच्या रेल्वे कारखान्यात. घाटाच्या मध्यावर बसून तिथल्या कारागिरांनी आपल्या गाडीची इंजिनं आपणच जुळवली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता इंजिनाकडे नीट पाहू. घाईघाईत पाहिलं तर ते बेढब दिसतं. फक्त चार चाकं, तीही जेमतेम २६ इंच व्यासाची. त्यांच्यावर डोईजड वाटावा असा भार. पुढे-मागे धड बाहेर आलेलं. एखाद्या लहान तट्टावर सगळ्या बिऱ्हाडाचं ओझं लादावं तसं. पण हे ओझं कुठे आणि का ठेवलं आहे ते एकेक करून पाहिलं की त्या बेढबपणातून एक चोख बांधणी उलगडत जाते.

चाकांपासून सुरुवात करायची. पुढची आणि मागची धुरी यांच्यामधलं अंतर साडेपाच फूट. एवढं कमी का, याचं उत्तर तिंधारियाच्या वरच्या अंगाला ‘अॅगनी पॉइंट’ नावाच्या वळशावर मिळतं. तिथल्या वळणाची त्रिज्या साधारण ६० फूट आहे. आपल्याकडच्या बऱ्यापैकी मोठ्या वाड्याच्या चौकात बसेल असं ते वळण. लांब अंगाचं इंजिन तिथे अडकलं असतं. तेव्हा धुऱ्या जवळ आणल्या, आणि दोनच ठेवल्या. चढावर ओढायचं तर प्रत्येक चाकाने रुळाला दाबून धरायला हवं. नुसता भार वाहणारं, न ओढणारं चाक म्हणजे फुकटचं जेवणारा पाहुणा. म्हणून या इंजिनाला असं एकही चाक नाही. चारच्या चार चाकं कामाची, सगळं वजन त्यांच्यावर.

मग ते वजन आणायचं कुठून? पाणी आणि कोळसा मागच्या डब्यात न ठेवता इंजिनाच्याच अंगावर चढवायचा. बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी बसवलेली पाण्याची टाकी, तिच्या मागे, ड्रायव्हरच्या खोलीच्या पुढे, कोळशाचा हौद. पण वरती एवढं पाणी ठेवलं तर इंजिन वळणावर डुलणार. म्हणून पाण्याचा काही भाग खाली, दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्यांच्या मधल्या पोकळीतल्या टाकीत उतरवला. वर खोगीर, खाली पोटात विहीर. या मांडणीत एक गंमतही आहे आणि एक पेचही. पाणी आणि कोळसा म्हणजेच वजन, वजन म्हणजेच पकड. जसजसं इंजिन चढत जातं तसतसं ते आपलीच पकड जाळत आणि उडवून टाकत जातं. वर जावं तसं हलकं होतं, आणि हलकं झालं की घसरतं. वाटेत ठिकठिकाणी थांबून ते पाणी पितं तेव्हा फक्त तहान भागत नाही, पायही घट्ट होतात.

आणि जिथे ही सगळी युक्ती संपते तिथे ती दोन माणसं आणि त्यांची वाळू येते.

हा मार्ग सिलिगुडीच्या सपाटीवरून निघतो आणि समुद्रसपाटीपासून २,२५८ मीटर उंचीवरच्या घूमपर्यंत चढतो, मग उतरून दार्जिलिंगला पोचतो. एकूण अंतर ८८ किलोमीटर. बोगदा एकही नाही. डोंगर पोखरून सरळ जायचा पैसा या रेल्वेकडे नव्हता. फ्रँकलिन प्रेस्टेज या रेल्वेच्या माणसाने सुचवलेली कल्पनाच मुळी अशी होती की बैलगाड्या आणि टांगे ज्या रस्त्याने चढतात त्याच रस्त्याच्या कडेने दोन फुटी रूळ टाकायचे. चढ फारच उभा झाला तिथे गोल वळसे घातले, स्वतःच्याच रुळावरून पुलाने वर जाणारे. जिथे वळशालाही जागा नाही तिथे गाडी आधी पुढे, मग उलटी मागे, पुन्हा पुढे अशी ‘झेड’ अक्षरासारखी चढवली. अशा सहा जागा आहेत.

आपल्याला ही युक्ती परकी नाही. बोरघाटात १८६३ साली रेल्वे चढली तेव्हा खंडाळ्याच्या खाली गाडी एका टोकाशी थांबवून, इंजिनाची दिशा बदलून, उलटी चढवावी लागे. १९२९ साली नवा मार्ग झाला तोवर ते रिव्हर्सिंग स्टेशन चालू होतं. पुण्याला जाणाऱ्या आपल्या पणज्या-पणजोबांनी तो उलटा प्रवास केलेला आहे. पण बोरघाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ होता आणि तोच त्या काळी धाडसाचा मानला गेला. दार्जिलिंगच्या वाटेवर काही ठिकाणी तो विसामागे एकच्या आसपास जातो. गुळगुळीत लोखंडी रुळावर गुळगुळीत लोखंडी चाक, खाली दवाचा थर, आणि वीस पावलांत एक पाऊल उंची. वाळूची मूठ तिथे का लागते ते यावरून समजावं.

वाळू सोडायला नळीसुद्धा लावता येते. जगभरच्या बहुतेक इंजिनांना ती असते. ड्रायव्हरने दांडी ओढली की चाकापुढे वाळू पडते. इथे मात्र काम शेवटपर्यंत हाताकडेच राहिलं. मला याचं कारण असं वाटतं की या वाटेवर कोणता रूळ ओला आहे, कुठे झाडाचं पान पडलंय, कुठे चहाच्या मळ्याकडून आलेला ओघळ वाहतोय, हे आधी दिसतं ते पुढे बसलेल्या माणसालाच. नळीला पान दिसत नाही. हा अंदाज खोटा ठरला तरी एक गोष्ट खरीच राहते: या इंजिनाच्या चित्रात माणसांची जागा आधीपासून आखलेली आहे. आत ड्रायव्हर आणि फायरमन, वर कोळशाच्या हौदात बसून ढेकळं फोडणारा एक, आणि पुढे वाळूवाले दोघं. पाच माणसं मिळून एक इंजिन होतं. दशावताराच्या खेळात गणपतीच्या मुखवट्यामागे माणूस नसेल तर तो मुखवटा भिंतीवर टांगलेला लाकडाचा तुकडा असतो. या पाचांवाचून हे इंजिनही तसंच.

आता कान द्यायचे. रसग्रहण डोळ्यांनी सुरू झालं तरी या इंजिनाचा खरा रस कानात आहे. दोन सिलिंडर, ११ इंच व्यासाचे, दोन्ही बाजूंना उघड्यावर बसवलेले. प्रत्येकातला दट्ट्या पुढे जाताना एकदा आणि मागे येताना एकदा वाफ बाहेर टाकतो. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चार फुंकर. चाकाचा घेर दोन मीटरच्या किंचित वर. गाडी ताशी ११ किलोमीटरने, म्हणजे जेमतेम सायकलच्या चालीने चढत असेल, तर मिनिटाला साधारण ८८ फेरे आणि साडेतीनशे फुंकर होतात. सेकंदाला सहा. गाडी पाहिली तर विलंबित, आवाज ऐकला तर द्रुत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की एवढीशी चाल आणि एवढी धाप! पण ती धाप नसते. लहान चाकाला मोठा डोंगर चढायचा तर पावलं छोटी आणि पुष्कळ टाकावी लागतात, डोंगरातली माणसं टाकतात तशीच. हिशेबच मांडायचा तर, एकाच इंजिनाने सगळा चढ चढला असं धरलं आणि घूमनंतरचा उतार सोडला, तरी सिलिगुडीपासून वर येईपर्यंत दीड लाखांवर फुंकर होतात.

त्या तालात लय तुटते कशी, हेही ऐकण्यासारखं आहे. चढ वाढला की फुंकर खोल होतात, त्यांच्यामधलं अंतर वाढतं, प्रत्येक फुंकर सुटी ऐकू येते. चाक निसटलं की चौपट वेगाने एकात एक मिसळलेला गडगडाट. ड्रायव्हर वाफ आवरतो, एका मात्रेची शांतता, आणि मग पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, चार चार. समेवर येणारा तबलजी आणि रुळावर पाय पुन्हा रोवणारं हे इंजिन, दोघांच्याही परतण्यात मला सारखाच दिलासा मिळतो.

रेल्वेने मोठी इंजिनं आणून पाहिली. जोडइंजिनासारखं एक गॅरट आलं, ‘सी’ वर्गाची दोन लांबट पॅसिफिक इंजिनं आली. कागदावर ती बलवान होती. पण डोंगराचं काम शेवटी या चार चाकांच्या चिमुकल्यांनीच केलं. मोठं इंजिन सपाटीवर शोभतं. या वाटेवर चालायला अंगाने वाटेच्या मापाचं असावं लागतं, आणि ‘बी’ वर्ग त्या वाटेच्या मापानेच बेतलेला होता. दर्जीने अंगाचं माप घेऊन शिवलेला सदरा उलटा धरला तरी माणूस कसा असेल ते कळतं. या इंजिनाची मापं घेतली तर हिमालयाचा तो एक उतार हातात येतो: वळणाची त्रिज्या, चढाचा कोन, धुक्याचा ओलावा, पाण्याच्या दोन ठिकाणांमधलं अंतर.

एकोणीसच्या चरित्राकडे येतो. या डोंगरात त्याची ७३ वर्षं गेली. कितीतरी माणसं त्याने वर नेली, चहाच्या पेट्या खाली आणल्या. पुढे देश स्वतंत्र झाला. १९४८ साली ही खासगी रेल्वे सरकारने विकत घेतली, आणि नंतर सगळ्या देशातल्या इंजिनांना एकसलग नवे नंबर मिळाले तेव्हा १९चं ७७८ झालं. त्या नंबरांच्या यादीत त्याच्या थोडं आधी, ७३८ पासून ७४१ पर्यंत, आपल्या नेरळ-माथेरानची चार इंजिनं आहेत. आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीने १९०७ साली सुरू झालेल्या त्या मार्गावर जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कोपेलची ही इंजिनं धावत. मी लहानपणी नेरळला उतरलो की मोठ्या गाडीच्या फलाटावरूनच माझे डोळे पलीकडच्या त्या अरुंद रुळांवर जायचे. तापलेल्या तेलाचा आणि ओल्या कोळशाचा तो वास मला आजही आठवतो. एका यादीत शेजारी राहणारी ही भावंडं एकमेकांना कधी भेटली नव्हती. भेट पुढे व्हायची होती.

१९६२ साली ७७८ विकलं गेलं आणि परदेशी गेलं. या मार्गाच्या ‘बी’ वर्गातलं भारताबाहेर गेलेलं हे एकमेव इंजिन. ते विकत घेतलं शिकागोच्या मोठ्या छपाई-घराण्यातल्या एलियट डॉनेली यांनी. त्यांना छोट्या रेल्वेचं वेड होतं. १९७५ साली ते गेले. इंजिन इंडियाना राज्यातल्या हेस्टन इथल्या वाफ-संग्रहालयात राहिलं. १९८५ साली त्या संग्रहालयात इंजिनं ठेवण्याच्या जागेला मोठी आग लागली. पुढची कित्येक वर्षं हे इंजिन थंड, न चालता पडून राहिलं. डोंगरातली ७३ वर्षं आणि अमेरिकेतली ४०. त्या चाळिसांविषयी लिहायला माझ्याकडे फारसं काही नाही. थंड बॉयलरच्या वर्षांना आवाज नसतो.

२००२ साली इंग्लंडमधल्या अॅड्रियन शूटर यांनी ते विकत घेतलं. शूटर हे तेव्हा चिल्टर्न रेल्वेचे प्रमुख, म्हणजे रोज हजारो प्रवाशांच्या खऱ्या गाड्या चालवणारा माणूस. बर्मिंगहॅमजवळच्या टायस्ली इथल्या कारखान्यात इंजिनाचा जीर्णोद्धार झाला. ‘रिस्टोरेशन’साठी मी मुद्दाम हा शब्द वापरतो. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा भिंतीतले दगड बदलतात, कळस नवा चढतो, गाभारा आणि जागा मात्र तीच राहते, आणि गावाच्या लेखी देऊळ तेच असतं. वाफेच्या इंजिनाचं याहून वेगळं नाही. बॉयलरच्या आतल्या नळ्या ठरावीक काळाने बदलायलाच लागतात. चाकांच्या कडा झिजतात, त्या पुन्हा कातून घ्याव्या लागतात, धुऱ्यांच्या खोबणीतला मऊ धातू पुन्हा ओतावा लागतो. दार्जिलिंगमध्ये काम करतानाही १९चे कितीतरी अवयव बदलले असणारच. शंभर वर्षांचं इंजिन म्हणजे शंभर वर्षं सांभाळत आलेलं इंजिन. जन्मापासून तेच लोखंड असण्याचा आग्रह धरायचा तर ते संग्रहालयात काचेआड ठेवावं लागेल, आणि मग त्याच्या फुंकर कोण ऐकणार? टायस्लीच्या कारागिरांनी विस्तव पुन्हा पेटवण्याची निवड केली, यासाठी मी त्यांचा ऋणी आहे.

आणि या जीर्णोद्धारात एक गोष्ट मला विशेष जपलेली दिसते. इंजिनाला पुन्हा त्याचं जन्माचं नाव मिळालं, म्हणजे १९. शूटर यांनी ऑक्सफर्डशायरमधल्या स्टीपल अॅस्टन गावात आपल्या घराच्या आवारात त्याच्यासाठी दोन फुटी रेल्वे घातली, आणि इंजिनामागे ओढायला दार्जिलिंगच्या डब्यांच्या धर्तीवर दोन नवे डबे करून घेतले. ते डबे झाले वेल्समधल्या बॉस्टन लॉज कारखान्यात, आणि बॉस्टन लॉज म्हणजे फेस्टिनिओग रेल्वेचा कारखाना.

फेस्टिनिओगचं नाव आलं की या कहाणीचं वर्तुळ जवळ येतं. वेल्सच्या डोंगरातल्या खाणींतून पाटीचा दगड बंदरावर न्यायला १८३६ साली ही चिंचोळी रेल्वे सुरू झाली. आधी दगडांनी भरलेले डबे उताराने आपसूक खाली येत आणि घोडे रिकामे डबे वर ओढत. १८६३ पासून तिथे वाफेची इंजिनं आली, १८७०च्या सुमारास तिथल्या दोन तोंडांच्या फेअरली इंजिनाची चाचणी पाहायला देशोदेशीचे इंजिनिअर जमले, आणि दोन फुटांच्या रुळावरही खरीखुरी रेल्वे चालते हे जगाला पटलं. दार्जिलिंगच्या रुळांचं माप त्या विश्वासातून आलं. फेस्टिनिओगचे रूळ दोन फुटांना अर्धा इंच कमी आहेत, एवढाच काय तो फरक. पुढे १९ फेस्टिनिओगवर जाऊन धावलं, तेव्हा शतकाहून जुनं नातवंड आजोळी गेल्यासारखं झालं. मी ते इंजिन प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. पण त्या ओल्या, करड्या डोंगरांतून जाताना त्याची चलचित्रं पाहिली, तेव्हा पडद्याकडे पाहता पाहता मी धुराड्याकडे न बघता चाकांकडेच बघत राहिलो. वेल्समध्येही पाऊस पडतो, रूळ भिजतात.

२०२२ साली शूटर गेले. इंजिन आता स्टॅफर्डशायरमधल्या स्टॅटफोल्ड इथे असतं, आणि चालतं.

इकडे त्याच्या भावंडांचंही काही ना काही झालं. ७७७ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. काही अजून दार्जिलिंग आणि घूमच्या दरम्यान पर्यटकांना घेऊन जातात. १९९९ साली युनेस्कोने या रेल्वेला जागतिक वारसा मानलं. रेल्वेमार्ग म्हणून हा मान मिळवणारी ती ऑस्ट्रियातल्या सेमरिंगनंतर जगातली दुसरी. आणि ७९४ नंबरचं ‘बी’ इंजिन आलं आपल्याकडे, नेरळला. माथेरानची जुनी जर्मन इंजिनं डिझेल आल्यावर निवृत्त झाली होती. वाफेची गाडी पुन्हा दिसावी म्हणून दार्जिलिंगहून हे आणलं गेलं आणि २००१ साली इथे सुरू झालं. पुढे त्याचं जळण कोळशावरून तेलावर नेलं.

ही भेट मला बांधणीच्या दृष्टीने फार बोलकी वाटते. माथेरानचं मूळ इंजिन सहा चाकांचं. वळणावर अडकू नये म्हणून त्याच्या धुऱ्यांना थोडं हलता येईल अशी जर्मन युक्ती, क्लीन-लिंडनर पद्धत, त्यात होती. पोकळ धुरीच्या आत दुसरी धुरी, आणि मधे हलायला वाव. कुशल, गुंतागुंतीचं काम. दार्जिलिंगच्या इंजिनाने तेच कोडं चाकं कमी करून सोडवलं. एकाने सांधे लवचिक केले, दुसऱ्याने अंगच आखूड केलं. दोन डोंगर, दोन उत्तरं, आणि त्या दोन्ही उत्तरांनी नेरळच्या रुळांवर पाय ठेवला. मला स्वतःला आखूड अंगाचं उत्तर जास्त आवडतं. त्यात बिघडायला कमी आहे, आणि जे बिघडेल ते तिंधारियासारख्या डोंगरातल्या कारखान्यात हातोडा-कानशीने दुरुस्त होण्यासारखं आहे. नेरळच्या ७९४ला तेलावर नेल्यामुळे एक माणूस मात्र गळला. कोळसा फोडणाऱ्याची जागा आता रिकामी राहिली. ती पाहिली की मला चुकचुकल्यासारखं होतं. पण इंजिन चालण्यासाठी ही तडजोड झाली, आणि चालणारं इंजिन मला उभ्या असलेल्या इंजिनाहून केव्हाही प्रिय आहे.

आपल्यातल्या कित्येकांना या गाडीची ओळख ‘आराधना’ या १९६९च्या चित्रपटातून झालेली आहे. जीपमधला नायक आणि खिडकीतली नायिका शेजारी शेजारी चाललेले. तो प्रसंग सुचू शकला तो प्रेस्टेजच्या त्या एका निर्णयामुळे, रूळ रस्त्याच्या कडेनेच टाकायचा. रस्ता आणि रूळ एकमेकांना शंभराहून अधिक वेळा ओलांडतात. दुकानांच्या ओट्यांवरून गाडी जाते, माणूस चालता चालता डब्यात चढतो. मुंबईच्या लोकलला रेल्वे मानणाऱ्या माझ्या डोळ्यांना हे सुरुवातीला अजब वाटलं. कुंपण नसलेली, माणसांतून चालणारी आगगाडी. इंजिनाला एवढी लहान चाकं, एवढी माणसं आणि एवढा सावकाश वेग का, याचं अर्धं उत्तर त्या उघड्या रस्त्यातही आहे.

‘आमची ती’ म्हणून इंग्रज इंजिनाचे लाड करतात असं मी वाचलं आहे. मराठीत इंजिन नपुंसकलिंगी: ते. पोर, पाखरू, वासरू, कोकरू तसंच ते. या इंजिनाला तो ‘ते’ फार शोभतो.

दार्जिलिंगच्या त्या सकाळी गाडी निघून गेल्यावर मी रुळाजवळ वाकलो. खलाशांनी सोडलेल्या वाळूचे कण आता तिथे नव्हते. चाकांखाली भरडून त्यांचं पांढरं पीठ झालं होतं, जात्याच्या पाळीवर राहतं तसं, बारीक आणि ओलसर. मी बोट फिरवलं. खालचं लोखंड अजून कोमट होतं. वरच्या वळणापलीकडून त्या चार-चारच्या फुंकर ऐकू येत होत्या, मग एक गडगडाट, मग एका मात्रेची शांतता.

पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेलं ऐकल्यावरच मी उठलो.